परमुलखाचं लाकूड, पुण्याची हवा

पुण्यात वखारीत जाऊन पाइन मागितलं की आधी विचारतात, ‘पॅकिंगला की फर्निचरला?’ पॅकिंगला म्हटलं तर मागच्या आवारातल्या उघड्या ढिगाकडे बोट जातं. फर्निचरला म्हटलं तर ढीग बदलतो, भाव बदलतो आणि तरीही पुष्कळदा सल्ला मिळतो की अजून थोडे पैसे घाला आणि दुसरं काहीतरी घ्या. दोन्ही ढिगांतलं झाड एकाच जातीचं असू शकतं, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. फळी ओंडक्याच्या कुठल्या भागातून निघाली, तिच्यात गाठी किती आणि कशा आहेत, आणि मुख्य म्हणजे तिच्यात पाणी किती उरलं आहे, यावर सगळा फरक पडतो. हे पुस्तक त्या फरकाबद्दल आहे.

पाइनविषयीच्या तक्रारी शहरात सगळ्यांना पाठ आहेत. वाकतं, पीळ पडतो, वाळवी खाते, पॉलिश डागाळतं, स्क्रू सैल होतात. या तक्रारी खोट्या नाहीत. मात्र त्यांतल्या बहुतेक ओलाव्याच्या आणि चुकीच्या निवडीच्या आहेत, लाकडाच्या नाहीत, असं माझं ठाम मत आहे. पाइनवर रागावलेला माणूस बहुधा ओल्या पाइनवर रागावलेला असतो.

आपली लाकडाची पारख सागावर घडली, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला गेला तेव्हा साग जुन्नरच्या जंगलातून आला, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीहून. १८२८च्या आगीत त्या वाड्याचं लाकूडकाम जळून गेलं, दगडी जोती आणि तट उरले. पण पेठांमधल्या इतर वाड्यांचे खांब, तुळया आणि कडीपाट पुढे दीडदोनशे वर्षं उभे राहिले. आजही जुना वाडा उतरवला की त्याचा साग वेगळा काढून ठेवतात आणि त्याला नव्या सागाइतकाच, कधी त्याहून जास्त मान मिळतो. अशा शहरात सुताराचे डोळे आणि हात वजन, तेलकटपणा आणि गडद रंग शोधतात. पाइनमध्ये या तिन्ही गोष्टी नाहीत. म्हणून ते हातात घेताक्षणीच नापास होतं, आणि त्याच्याजवळ जे आहे त्याची चौकशी होतच नाही.

त्याच्याजवळ काय आहे? आकड्यांनी सांगतो. बारा टक्के ओलाव्याला साग घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो आणि आपल्याकडे येणारं रेडिएटा पाइन ५००च्या आसपास. वखारीच्या हिशेबात, एक घनफूट साग अठरा-एकोणीस किलो, पाइन चौदा किलो. कडकपणात, म्हणजे पृष्ठभागावर खोक पडायला लागणाऱ्या जोरात, पाइन सागाच्या सत्तर टक्क्यांच्या जवळपास येतं. नखानं ओरखडा उठतो तो यामुळे. पण वाकण्याला विरोध करण्याची ताकद, जिला अभियंते लवचिकता गुणांक म्हणतात, ती मोजली तर चित्र बदलतं. बिनगाठीच्या, कोरड्या पाइनची ही ताकद सागापेक्षा थोडीच कमी निघते, आणि वजनाच्या प्रमाणात पाहिली तर पाइन पुढे जातं. पुस्तकांचं कपाट, माळ्याची चौकट, पलंगाच्या आडव्या पट्ट्या, छताच्या पॅनेलमागचा सांगाडा, अशा कामांत पृष्ठभागाच्या कडकपणाला फारसं महत्त्व नसतं. तिथे फळी किती लवते हे बघायचं, आणि ते लाकडाच्या जातीपेक्षा जाडीवर कितीतरी जास्त अवलंबून असतं. लवणं जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटतं. १८ मिलिमीटरच्या जागी २५ मिलिमीटरची फळी घातली की तेवढ्याच वजनाखाली ती जवळजवळ पावणेतीन पट कमी लवते. तीन फूट लांबीच्या कप्प्यासाठी महाग जातीची पातळ फळी घेणारा माणूस पैसे चुकीच्या ठिकाणी घालतो.

हा हलकेपणा येतो कुठून, तर लाकडाच्या रचनेतून. साग, शिसव, आंबा, बाभूळ या फुलझाडांच्या लाकडात पाणी वाहणाऱ्या मोठ्या नळ्या वेगळ्या आणि आधार देणारे तंतू वेगळे असतात. पाइनमध्ये ही वाटणी नाही. त्याच्या लाकडाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग एकाच प्रकारच्या लांबट पेशींचा, प्रत्येक पेशी साधारण तीन मिलिमीटर लांब, आतून पोकळ. बारीक बोरूंची घट्ट बांधलेली जुडी डोळ्यांसमोर आणावी. त्याच पेशी पाणी वर नेतात आणि त्याच झाड उभं धरतात. वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला तयार झालेल्या पेशी रुंद आणि पातळ भिंतींच्या असतात, शेवटी तयार झालेल्या अरुंद आणि जाड. फळीवर दिसणाऱ्या फिक्या आणि गडद पट्ट्या म्हणजे हंगामाचे हे दोन टप्पे. पुढे पॉलिशच्या प्रकरणात या पट्ट्या पुन्हा भेटतील, कारण डाग पडण्याचं मूळ कारण तिथेच आहे.

वनस्पतिशास्त्रात सॉफ्टवुड म्हणजे सूचिपर्णी, शंकूधारी झाडांचं लाकूड. हाताला मऊ लागतं की नाही याचा त्यात प्रश्न नाही. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू सुयांसारख्या पानांमुळे पाइनचा भाऊबंद वाटतो, पण तो फुलझाडांतला आहे आणि त्याचं लाकूड कुऱ्हाडीला दाद देत नाही. उलट आपली काटेसावर फुलझाड असूनही पाइनपेक्षा मऊ, म्हणून काड्यापेटीच्या काड्यांसाठी चालते. पुण्यातल्या बंगल्यांच्या आवारात नाताळचं झाड म्हणून लावलेली उंच, मजल्यामजल्यांची झाडं अरोकेरिया कुळातली आहेत, पाइन नव्हेत. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत नैसर्गिक पाइन नाही. आपल्याला पाइन माहीत आहे ते त्याच्या मालावरून: राळ, रंगाऱ्याचं टर्पेंटाइन, सुकामेव्यातला चिलगोजा. राळ आणि टर्पेंटाइन आपल्याकडे मुख्यतः हिमालयातल्या चीड पाइनच्या डिंकापासून येतं, चिलगोजा किन्नौरकडच्या दुसऱ्या एका पाइनचा. देवदारही शंकूधारी, पण तो पाइन नव्हे, सीडर गटातला. बाजारात मात्र कितीतरी हलक्या, फिक्या लाकडाला सरसकट देवदारी म्हणायची जुनी सवय आहे, आणि त्यामुळे बिलावरचं नाव आणि खोक्यातलं लाकूड यांचा मेळ बसेलच असं नाही.

आता ते पुण्यापर्यंत कसं आलं ते सांगायला हवं, कारण त्याचे गुणदोष त्याच्या जन्मकथेत आहेत.

रेडिएटा पाइनचं मूळ घर फार लहान. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे तीन तुकडे आणि मेक्सिकोची दोन बेटं, इतकंच. तिथे ते वाऱ्यानं वाकलेलं, वेडंवाकडं, लाकूडकामाला फारसं न येणारं झाड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचं बी न्यूझीलंडमध्ये गेलं आणि तिथल्या ओल्या, सौम्य हवेत ते सरळ आणि झपाट्यानं वाढायला लागलं. तिथल्या लागवडीच्या जंगलांपैकी जवळजवळ नव्वद टक्के क्षेत्र आज या एकाच जातीखाली आहे. पंचवीस ते तीस वर्षांत झाड तोडायला तयार होतं. आपल्याकडच्या चांगल्या सागाला याच्या दुप्पट काळ सहज लागतो.

भारतात ते मोठ्या प्रमाणात येऊ लागलं त्यामागे धोरणाची आणि न्यायालयाची कारणं आहेत. १९८८च्या राष्ट्रीय वननीतीनं जंगलाकडे लाकडाची खाण म्हणून बघणं थांबवायला सांगितलं. त्यानंतर १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन तिरुमलपाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जो आदेश दिला त्यानं मंजूर कार्ययोजनेशिवायची वृक्षतोड थांबली, परवाना नसलेल्या आरागिरण्या बंद झाल्या आणि ईशान्येकडून बाहेर जाणारं लाकूड अडलं. देशाची गरज मात्र वाढत होती. ती भागवायला ओंडक्यांनी भरलेली जहाजं येऊ लागली. न्यूझीलंडच्या टौरांगा बंदरातून निघालेला ओंडका पुष्कळदा गुजरातच्या कांडला बंदरात उतरतो, शेजारच्या गांधीधामच्या आरागिरण्यांत चिरला जातो आणि तिथून ट्रकनं पुण्याला येतो. युरोपातलं पाइन आणि स्प्रूस बहुधा चिरून, भट्टीत वाळवून कंटेनरनं येतं. हे दोन रस्ते लक्षात ठेवावेत. एका रस्त्यानं आलेली फळी ओली असण्याची शक्यता फार, दुसऱ्यानं आलेली कोरडी.

झपाट्यानं वाढण्याची किंमत झाड कुठेतरी मोजतं. रेडिएटाच्या मध्यभागी पहिल्या दहाएक वर्षांचं जे लाकूड असतं ते बाहेरच्या लाकडाहून हलकं आणि दुबळं, आणि त्याचे रेशे सरळ वर न जाता किंचित गोल फिरत गेलेले. ही फळी वाळताना पीळ खाते, तिला कितीही खिळे ठोका. ती ओळखणं अवघड नाही. फळीचा टोकाकडचा छेद पाहावा. वर्तुळं रुंद आणि घट्ट वळलेली दिसली, किंवा खोडाचा मध्यबिंदूच फळीत आलेला असला, तर ती फळी पॅकिंगच्या ढिगात ठेवावी. वर्तुळांचे कंस जवळजवळ सरळ रेषेसारखे दिसले तर ती ओंडक्याच्या बाहेरच्या अंगाची, फर्निचरला घेण्याजोगी. टिंबर मार्केटमध्ये उभ्या उभ्या करता येणारी ही परीक्षा आहे, आणि तिला उपकरण लागत नाही. मी तर म्हणेन की या पुस्तकातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्यावी, ओलाव्याचं प्रकरण सोडून.

ओलाव्याचं प्रकरण मात्र सोडता येणार नाही. ताज्या ओंडक्यात कोरड्या लाकडाच्या वजनाएवढं, कधी त्याहून जास्त पाणी असतं. ते दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी आधी जातं आणि ते जाताना लाकूड फक्त हलकं होतं, आकार बदलत नाही. ओलावा तीस टक्क्यांच्या जरा खाली आला की भिंतीतलं पाणी सुटायला लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. हे आकसणं सगळीकडे सारखं असतं तर काही बिघडलं नसतं. पूर्ण वाळेपर्यंत पाइन वर्तुळांच्या दिशेनं सुमारे सात टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. या असमान आकसण्यानं फळी वाटीसारखी वळते. सागही आकसतो, पण कमी आणि सावकाश. पाइन पाणी पटकन देतं आणि पटकन घेतं.

आणि इथे पुण्याची हवा येते. लाकूड हवेतल्या आर्द्रतेशी सतत देवाणघेवाण करत असतं. चैत्र-वैशाखातल्या दुपारी आपल्याकडे सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. श्रावणात ती ऐंशीच्या पुढे राहते. पहिल्या हवेत लाकूड पाचेक टक्के ओलाव्यावर स्थिरावू पाहतं, दुसऱ्या हवेत सोळा-सतरावर. घरातली फळी या दोन्ही टोकांपर्यंत पोचत नाही, कारण ऋतू तिला तेवढा वेळ देत नाही आणि पॉलिश वाट अडवतं. तरीही वर्षभरात आठ-नऊ टक्क्यांचा झोका उघड्या पाइनला बसू शकतो. सहा इंच रुंद फळीत त्यानं तीन मिलिमीटरचा फरक पडतो. पावसाळ्यात दार चौकटीला घासतं आणि उन्हाळ्यात फळ्यांच्या सांध्यांत नाणं जाईल एवढी फट पडते, ती यामुळे. कोकणात आर्द्रता जास्त असली तरी वर्षभर ती इतकी खालीवर होत नाही. पुण्याची अडचण तिथल्यापेक्षा वेगळी आहे, आणि मुंबईतल्या कारागिराचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू करू नये.

भारतीय मानक आयएस २८७ यात देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग पाडून कुठल्या कामाच्या लाकडात किती ओलावा चालेल ते दिलं आहे. गंमत अशी की १९२८ साली शिमल्याहून हवामान खात्याचं मुख्य काम पुण्यात आलं, तेव्हापासून या शहराच्या हवेची मोजणी काळजीनं होत आली आहे. शिवाजीनगरच्या वेधशाळेची रोजची आर्द्रता वर्तमानपत्रात छापून येते. सुतारानं तो आकडा वाचावा. माझा आग्रह असा आहे की पुण्यात घरातल्या कामासाठी पाइन दहा ते बारा टक्क्यांवर आणूनच चिरावं, रंधावं आणि जोडावं. पिनांचं ओलावामापक आता चांगल्या अवजारांच्या दुकानात मिळतं. ते नसेल तर फळीच्या मधून, टोकाकडून नव्हे, एक तुकडा कापून वजन करावं, १०३ अंश सेल्सियसच्या भट्टीत वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवावं आणि पुन्हा तोलावं. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे होतं.

भट्टीत एक इंची फळी काही दिवसांत वाळते. भट्टी नसेल तर फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, वर छप्पर आणि चारही बाजूंनी वारा ठेवून, दिवाळीनंतर रचलेली थप्पी होळीपर्यंत चांगली उतरते. पुण्याचा हिवाळा या कामाला उत्तम आहे. उलट मे महिन्यातल्या उन्हात उघडी टाकलेली ओली फळी टोकांना चिरते, आणि मग म्हणतात पाइन तडकतं. पावसाळ्यात प्लॅस्टिकखाली दडपलेल्या ओल्या पाइनवर निळी बुरशी चढते. तिनं ताकद फारशी जात नाही, पण रंग जातो आणि पॉलिशचं काम संपतं.

गाठींबद्दल दोन गोष्टी. जिवंत फांदीची गाठ भोवतालच्या लाकडाशी एकजीव असते; मेलेल्या फांदीची गाठ भोवती काळं कडं घेऊन असते आणि वाळल्यावर सुटून पडते. पहिली ठेवायला हरकत नाही, दुसरी ताण येणाऱ्या कडेवर कधीही नको. गाठीतून राळ पाझरते आणि वर्षभरानं पांढऱ्या रंगातून पिवळा डाग होऊन बाहेर येते. यावरचा जगभर वापरला जाणारा उपाय मुळात आपल्याकडचाच आहे, तो म्हणजे चपडा. झारखंडच्या जंगलातल्या लाखेपासून केलेला चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून गाठीवर दोन हात द्यावेत, मग प्रायमर. रंगीत पॉलिश करायचं असेल तर आधी पातळ सीलर हवाच; नाहीतर फिक्या पट्ट्या रंग पितात, गडद पट्ट्या पीत नाहीत आणि फळी चट्टेरी दिसते. पाइनला वॉलनटचा रंग देऊन दुसरं कुणी बनवायचा हव्यास मला आवडत नाही. उजेडात ते आपोआप मधासारखं पिवळं होत जातं, आणि तोच त्याचा चांगला रंग आहे.

कीड हा सगळ्यांत खरा आक्षेप. पंचविशीतल्या रेडिएटाचा बराचसा भाग बाहेरचं, रस वाहणारं लाकूड असतं. वाळवीला अडवणारं त्यात काही नाही. जमिनीला किंवा ओल्या भिंतीला टेकलेलं कच्चं पाइन पुण्यात टिकणार नाही. पण तेच लाकूड औषध इतक्या सहज आणि खोल शोषून घेतं की दाबाखाली प्रक्रिया केल्यावर ते कुंपणाच्या खांबालाही चालतं. सागाचा गाभा असं औषध घेतच नाही. घराच्या आतल्या कामाला बोरिक पावडर आणि टाकणखाराचं द्रावण पुरतं. पाण्यानं ते धुऊन जातं, म्हणून बाहेर उपयोगाचं नाही. रबरवुडचं ज्यानं पीठ होतं तो भुंगा पाइनला लागत नाही, हेही जाता जाता नोंदवतो. एक इशारा मात्र मोठ्यानं द्यायला हवा. हिरवट छटेचं, तांबं-क्रोमियम-आर्सेनिकच्या मिश्रणानं प्रक्रिया केलेलं लाकूड जाळू नये. त्याच्या राखेत आर्सेनिक उरतं. पुण्यात अजून कित्येक घरांत अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटतो आणि त्यात सुतारकामाचे उरलेले तुकडे जातात. त्यात असे तुकडे जाता कामा नयेत.

ज्या चिंचवडहून शनिवारवाड्याला दगड आला, त्याच्या आसपास आज पाइनचा मोठा ग्राहक आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणमधून बाहेर जाणारी इंजिनं, सुटे भाग आणि यंत्रं पाइनच्या पॅलेटवर आणि क्रेटमध्ये बसून जातात. या कामाला पाइन जन्मजात योग्य आहे: हलकं असल्यानं भाड्याचं वजन वाढत नाही, खिळा न फाटता आत जातो, आणि धक्का बसला की लाकूड स्वतः दबतं पण यंत्र वाचवतं.

परदेशी जाणाऱ्या खोक्याला एक नियम पाळावा लागतो, त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये लांब शिंगांचा एक आशियाई भुंगा झाडं पोखरताना सापडला. तो पॅकिंगच्या लाकडातून आला होता. अशा पाहुण्यांना अडवण्यासाठी २००२ साली आयएसपीएम १५ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यानुसार लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंश सेल्सियसला सलग तीस मिनिटं ठेवावं लागतं, किंवा मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यावी लागते. मग गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि प्रक्रियेची खूण असा शिक्का पडतो. शिक्क्यात ‘एचटी’ असेल तर उष्णता, ‘एमबी’ असेल तर धुरी. एक गैरसमज इथेच दूर करतो. छप्पन्न अंशांना अर्धा तास ठेवल्यानं कीड मरते, लाकूड वाळत नाही. ‘एचटी’ शिक्क्याची फळी पंचवीस टक्के ओली असू शकते, आणि तिची टीपॉय केली तर तीही वाकेल.

परदेशातून आलेली खोकी इथेच उघडतात आणि त्यांचं लाकूड भंगारात जातं. पंचवीस वर्षं वाढलेलं, अर्धं जग ओलांडून आलेलं झाड एका फेरीनंतर बॉयलरमध्ये जावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अलीकडे शहरातले तरुण कारागीर आणि वास्तुरचना शिकणारी मुलं या पॅलेटची बाकं, मांडण्या, कुंड्यांचे ठेवे करतात. त्यांच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. ‘एमबी’ शिक्क्याचं, तेल किंवा रसायन सांडलेलं आणि बिनशिक्क्याचं लाकूड घरात घेऊ नये. उरलेलं खिळे काढून, दोन-तीन महिने सावलीत रचून मगच रंध्याखाली घालावं. पॅलेट पुष्कळदा उन्हापावसात पडून पडून या हवेला सरावलेलं असतं, हा त्याचा एक फायदाच.

पुणेकरांच्या घरात पाइन आहेच, फक्त दिसत नाही. नव्या सदनिकेतलं फ्लश डोअर, ज्याचं मानक आयएस २२०२, त्याच्या पोटात बहुधा पाइनच्या पट्ट्या असतात, ब्लॉकबोर्डच्या पोटातही. सोफ्याचा सांगाडा, गणपतीच्या देखाव्यामागच्या चौकटी, नाटकाच्या नेपथ्याचे फ्लॅट, स्लॅबच्या सेंट्रिंगमधल्या पट्ट्या, या सगळ्यांत ते किंवा त्याच्यासारखं हलकं लाकूड काम करत असतं. यांचा परामर्श थोडक्यात घेतला आहे. पोटातलं लाकूड तपासायचं तर दाराच्या कुलपासाठी भोक पाडताना निघणारा भुसा आणि त्याचा वास पुरेसा सांगतो.

आगीविषयी लिहिताना हात जड होतो. २०२३च्या मे महिन्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पहाटे आग लागली आणि गोदामं जळाली. सुकं, पातळ, हवा खेळेल असं रचलेलं कुठलंही लाकूड भडकतं, पाइन राळेमुळे अधिक. जाड तुळई मात्र वेगळी वागते; बाहेरून मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास कोळसा होत जातो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ वाचवतो. त्यामुळे गोदामातली थप्पी आणि घरातली तुळई यांना एकच नियम लावून चालत नाही. साठवणुकीच्या प्रकरणात थप्प्यांमधल्या अंतराबद्दल जे लिहिलं आहे ते वखारवाल्यांनी जागेची अडचण सांगून बाजूला ठेवू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

गिऱ्हाइकानं मागणी बदलली तर वखार बदलेल, असा मला विश्वास आहे. आज बिलावर ‘पाइन’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा तेही नसतं. जात, देश, भट्टीत वाळवलं की नाही, आणि विकताना ओलावा किती, एवढ्या चार गोष्टी बिलावर मागाव्यात. वखारवाला पहिल्यांदा हसेल, दुसऱ्यांदा मीटर आणेल. कारागिरांनीही कामाचा अंदाज देताना लाकूड थप्पीत ठेवायचे दिवस आणि त्याचे पैसे वेगळे दाखवावेत. ते न दाखवल्यामुळेच ओल्या लाकडाची घाई सुरू होते.

पुस्तकात मापं बाजारात चालतात तशीच दिली आहेत: खरेदीला घनफूट, जाडीला मिलिमीटर, लांबीला फूट. ताकदीचे सगळे आकडे बिनगाठीच्या, बारा टक्के ओलाव्याच्या नमुन्यांचे आहेत. गाठीच्या फळीसाठी ते किती कमी धरायचे याचं कोष्टक तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी जोडलं आहे.